दहाचे चौदा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. धर्मा ओझरे यांच्या मोटारसायकलचं मीटर चुकीचं होतं. गाडी दहा किलोमीटर चालली की ते चौदा दाखवायचं. ते मीटर मी निवडलं होतं, मी बसवलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. चौकशीत साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मीटर बरोबर आहे. त्या एका वाक्यानं एका माणसाची नोकरी गेली. नोकरीखेरीज आणखीही एक गोष्ट गेली, आणि ती काय होती हे कळायचं तर धर्माभाऊ कसे होते ते आधी सांगायला हवं.

तलासरीतल्या जनावरांच्या दवाखान्यात मी लिपिक होतो. राहायला डहाणूत. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं, मधल्या वेळात रजिस्टरं भरायची. धर्माभाऊ त्याच दवाखान्यात पर्यवेक्षक होते, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरून गुराढोरांना लस टोचायचं काम. पूर्वेच्या डोंगराकडचे, घरची थोडी भातशेती आणि नाचणी. पन्नाशी गाठलेला ठेंगणा माणूस, चालताना डावा खांदा किंचित वर. गाडी घेण्याआधी कित्येक वर्षं त्या खांद्यावरून लशीचा डबा वाहिला होता. डबा उतरला तरी खांदा काही खाली आला नाही.

पाड्यांवर त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांना ते खटकायचं. धर्माभाऊ सांगायचे, "मी म्हणतो त्यांना, मला धर्मा म्हणा. ते म्हणतात, बरं डॉक्टर."

अंगणात शिरताना ते डोक्यावरची टोपी काढायचे. माणसांसाठी नव्हे. टोपी बघून बैल बुजतात असं त्यांचं म्हणणं. मग बैलाच्या मानेवर नुसता हात ठेवून उभे राहायचे, बराच वेळ, सुई दुसऱ्या हातात पाठीमागे. बोलायचे नाहीत. "ढोर गप असतं, मग आपणच कशाला बडबड करायची." बैल वाचेल का, असं कुणी विचारलं तर "बघू" एवढंच. वाचेल असं त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि मरेल असंही नाही.

मी एकदा-दोनदाच त्यांच्यासोबत फिरलो. एका पाड्यावर एक बाई कुडाला टेकून म्हणाली, "डॉक्टर, माझ्या नवऱ्याला पण टोच ना एक सुई. बाजारला गेला की दोन-दोन दिवस येत नाय."

"टोचतो," धर्माभाऊ म्हणाले, "पण त्याच्या कानाला बिल्ला कुठं हाय? सापडला तर कोणाचा म्हणून परत आणू?"

सगळं अंगण हसलं. ती बाई सगळ्यांत जास्त.

त्यांची आणखी एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दौऱ्याची दैनंदिनी ते घरी बसून कधीच लिहीत नसत. बाकीचे लोक महिनाअखेरीला एका बैठकीत सगळा महिना लिहून काढायचे. ते मी बघत होतो, सगळेच बघत होते. धर्माभाऊ पाडा सोडायच्या आधी, तिथंच, गाडीच्या सीटवर वही ठेवून लिहायचे. किती बैल, किती गाई, कुणाच्या घरची, किती वाजले. मी विचारलं तर म्हणाले, "घरी गेल्यावर माणूस जेवतो. जेवलेला माणूस लिहितो ते वेगळंच असतं, भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे मी.

पालघर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या वर्षी दैनंदिनीचा नवा नमुना आला. त्यात एक रकाना वाढला होता: गाडीचा किलोमीटरचा आकडा, निघतानाचा आणि पोचतानाचा. भत्ता सगळ्यांना ठरावीकच होता, किलोमीटरवर काही मिळायचं नव्हतं. पण रकाना आहे म्हटल्यावर भरायचा. धर्माभाऊंच्या गाडीचं मीटर तेव्हा बंद होतं. गाडी जुनी, दुसऱ्या नाही तर तिसऱ्या हातची, ते मॉडेल कंपनीनंच बंद केलेलं. मीटरच्या फुटक्या काचेतून कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं आणि काटा त्या मातीत रुतून बसला होता, चाळीसवर.

"उभी असली तरी चाळीसनं पळते माझी गाडी," ते म्हणायचे. पण नव्या रकान्याची त्यांना खरोखरच काळजी लागली. दुसरा कुणी असता तर अंदाजे आकडे टाकून मोकळा झाला असता. हे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "भाऊसाहेब, तुम्हाला गाडीतलं कळतं. मला एक मीटर बघून द्या."

मला गाडीतलं कळतं, हे खरं होतं, थोडंफार. लग्नाआधी मोठ्या भावाच्या गॅरेजमध्ये हात काळे केले होते. पण तुम्हाला अमुक एक कळतं, असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नव्हतं. घरी नाही, ऑफिसात नाही. मी लगेच हो म्हटलं.

एका रविवारी आम्ही त्यांच्याच गाडीवरून वापीला गेलो. तिथं जुन्या-नव्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. वाटेत त्यांनी आणखी एक इच्छा सांगितली. लशीचा डबा गाडीच्या मागे कॅरिअरला बांधलेला असायचा आणि आतला बर्फ कधी वितळला ते कळायचं नाही. लस तापली की पाण्यासमान. त्यांना हँडलवर, समोर, डोळ्यांना दिसेल असा डब्यातल्या थंडीचा काटा हवा होता. आइस्क्रीमच्या पेट्यांना असतो तसा, लांब तांब्याच्या नळीचा.

दुकानदारानं तसे तीन काटे काढून ठेवले. धर्माभाऊंनी शेजारच्या सरबतवाल्याकडून चुरलेला बर्फ आणि पाणी भरलेला पेला मागवला. तिन्ही नळ्यांची टोकं त्यात बुडवली आणि स्टुलावर बसले. दुकानदार म्हणाला, "काका, नवीन माल हाय. खराब नाय निकलत."

"बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला पायजे," धर्माभाऊ म्हणाले. "शून्य म्हणजे शून्य."

एक काटा दोनवर थांबला, एक शून्याच्या खाली गेला. तिसरा शून्यावर आला आणि तिथंच राहिला. त्यांनी तो पाच मिनिटं नुसता बघितला, मग टोक पुसून खिशात घातला. मग मला म्हणाले, "मीटर तुम्ही बघा. ते माझं काम नाय."

माझ्यासमोर दोन मीटरं होती. एक साधं, काळ्या कड्याचं, मोठं, जुन्या घड्याळासारखं. दुसरं लहान, चकचकीत कड्याचं, लाल काटा, आत निळा दिवा. मी दुसरं उचललं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. "भाई, तुमच्या गाडीला ए नाय चालनार. केबलचा आटा बसेल, आकडा नाय बसनार. त्याच्या जोडीचं पिनियन बदलावं लागेल."

त्याचं म्हणणं असं होतं. पुढच्या चाकात एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते केबल फिरवतं आणि केबल मीटर फिरवते. एका किलोमीटरला केबल किती वेळा फिरणार हे पिनियनवर ठरतं. किती फेऱ्यांचा एक किलोमीटर धरायचा हे मीटरच्या आत ठरलेलं असतं. दोन्ही जुळलं नाही तर मीटर चालतं, पण भलतंच मोजतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. काळ्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात त्या गाडीचा आकडाही छापलेला होता, मी वाचलाही होता. पण धर्माभाऊ बाजूला उभे होते, त्यांनी त्या निळ्या दिव्याकडे बघितलं होतं, आणि दुकानदारानं त्यांच्यासमोर माझी चूक काढली हे मला लागलं. मी म्हणालो, "थोडा फरक पडेल. मी बघतो त्याचं."

धर्माभाऊ दुकानदाराला म्हणाले, "ते म्हणतात ने, मग झालं."

पुढच्या रविवारी दवाखान्याच्या आवारातल्या जांभळाखाली आम्ही दोन्ही बसवलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी वाकवून हँडलवर बैठक केली, खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले म्हणजे काटे थरथरणार नाहीत. तांब्याची नळी टाकीखालून, सीटखालून डब्यापर्यंत नेली. मीटरच्या केबलचा आटा पहिल्याच फेरीत गच्च बसला, आणि आटा बसला म्हणजे सगळं बसलं असं मी स्वतःला समजावलं. धर्माभाऊंनी आवारात दोन फेऱ्या मारल्या. लाल काटा उठला, पडला. त्यांची बायको जानकी जेवण घेऊन आली होती. तिला त्यांनी मागे बसवून तिसरी फेरी मारली. ती म्हणाली, "हा काटा बघत बसशील तर म्हशीवर घालशील."

दोन महिन्यांनी मी एकदा त्यांची गाडी घेऊन उंबरगावच्या बाजूला गेलो होतो. हायवेच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून सहज मोजलं. दहाचे चौदा. मला वाटलं, पुढच्या वेळी वापीला गेलो की पिनियन आणून टाकू, त्यांना सांगायचंही कारण नाही. मग ते राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. दर महिन्याला त्यांची दैनंदिनी माझ्याकडे यायची, मी किलोमीटरच्या रकान्याखाली 'तपासले' लिहून सही करायचो. ते कधीकधी म्हणायचे, "मीटर लागल्यापासून रस्ते लांब झाले, भाऊसाहेब. आधी कळतच नव्हतं मी किती फिरतो ते." आणि हसायचे. मीही हसायचो. दोन वर्षं हे असंच चाललं.

सतरा सालच्या पावसाळ्यात, लावणीच्या तोंडावर, सावरपाड्यावर चार दिवसांत पाच बैल मेले. घसा सुजून, श्वास कोंडून. घटसर्प. सावरपाडा म्हणजे धर्माभाऊंच्या भागातला शेवटचा पाडा, त्याच्या पुढे नुसता डोंगर. लावणीच्या वेळी बैल जाणं म्हणजे काय ते शेती करणाऱ्याला सांगायला नको. तक्रार वरपर्यंत गेली. लस दिली होती का? धर्माभाऊंच्या दैनंदिनीत मे महिन्यातली नोंद होती, घरांच्या नावांसकट. पण मे महिन्यात पाडा निम्मा रिकामा असतो. माणसं वीटभट्टीवर, कुणी वाढवणला मासळीच्या कामाला, कुणी वापीला. घरी म्हातारी माणसं. एका आजीनं चौकशीत सांगितलं, "आला होता की डॉक्टर. टोपी काढून उभा होता." कधी, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आता ते मी काय लिहून ठेवलंय?" लस देऊनही काही बैल दगावतात, आणि त्या दिवशी काही बैल डोंगरावर चरायला गेलेले असणार, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण वरच्यांना कागद पाहिजे होता.

चौकशीला जिल्ह्याहून एक साहेब आले. त्यांनी मला सगळ्या पाड्यांच्या अंतरांचा तक्ता करायला सांगितला, बांधकाम खात्याच्या नोंदींवरून. मी केला. माझ्याच हातानं टाइप केला. तलासरी ते सावरपाडा, एकोणीस किलोमीटर. दैनंदिनीत होतं सव्वीस, एकदा सत्तावीस. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून साहेबांच्या टेबलावर नेले. मला वाटलं, आता साहेब विचारतील की हा फरक सगळीकडे सारखाच कसा. दहाला चौदा, वीसला अठ्ठावीस. त्यांनी ते पाहिलंच नाही. ते म्हणाले, "रस्ता किती लांब हे ज्याला माहीत नाही, तो तिथं गेला कशावरून? घरी बसून लिहिलंय हे."

धर्माभाऊ समोर उभे होते. त्यांना राग आला नाही. गोंधळले. "मीटर बघून लिहितो, साहेब. तिथंच लिहितो."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही यांचं मीटर बघा. आत्ताच जाऊन या."

मी त्यांची गाडी घेतली आणि हायवेला विवळवेढ्याच्या दिशेनं निघालो. दगड मोजायची मला गरज नव्हती, तरी मोजले. दहा दगड झाल्यावर गाडी कडेला लावली. चौदा. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मी हिशेब करत होतो. मीटर चुकीचं आहे म्हणून सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार: बसवलं कुणी? त्याच्या पुढचा: दोन वर्षं 'तपासले' म्हणून सह्या तुमच्याच ना? माझी बढती त्या वर्षी होती. पण खरं सांगायचं तर बढतीपेक्षाही एक गोष्ट मला जास्त नको होती. धर्माभाऊंनी माझ्याकडे बघावं आणि त्यांना कळावं की मला त्यातलं काही कळत नव्हतं, ही ती गोष्ट. आज हे लिहिताना इतकं क्षुद्र वाटतं की हात थांबतो. पण तेच होतं.

परत येऊन मी साहेबांना म्हणालो, "मीटर बरोबर आहे."

धर्माभाऊ तिथंच होते. त्यांनी ते ऐकलं, आणि मान हलवली. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी रस्ता मोजला. कुणाची तरी सायकल मागून आणली. पुढच्या चाकाला बांबूची पट्टी बांधली, म्हणजे दर फेरीला टक् असा आवाज होईल. चाकाचा घेर दोरीनं मोजून घेतला. उजव्या खिशात चिंचोके भरले. शंभर टक् झाले की एक चिंचोका डाव्या खिशात. असं करत तलासरीच्या नाक्यापासून सावरपाड्यापर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. जानकी बरोबर होती, तिनं मधूनमधून मोजायला घेतलं, त्यांचा घसा सुकला की. वाटेतले लोक बघत होते. पहाटे निघालेली दोघं दुपार कलल्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले आणि डाव्या खिशातले चिंचोके माझ्या टेबलावर ओतले. आम्ही दोघांनी मोजले. ते म्हणाले, "एकोणीसच येतात, भाऊसाहेब. तुमचा तक्ता बरोबर हाय."

मी चिंचोके गोळा करून एका ढिगात सारले.

"मग मी सव्वीस कसे लिहिले?" त्यांनी विचारलं. मला नाही, टेबलाला विचारल्यासारखं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीटर तर बरोबर ने?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब जिल्ह्याला परत गेलेले, डॉक्टर बाहेर. एवढी सोपी वेळ देवानं कुणाला देऊ नये आणि मला दिली होती. मी म्हणालो, "हो. बरोबर आहे."

ते बराच वेळ चिंचोके एका बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिले. मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो. "म्हणजे माझंच काही तरी होतंय. मला वाटतं मी गेलो, पण मी गेलोच नसेन. नाय तर आकडा कसा चुकेल? आकडा मी बघून लिहितो."

पहिल्या खोट्यानं त्यांची नोकरी गेली असेल. ह्या दुसऱ्यानं त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. इतकी वर्षं जो माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत अक्षर लिहीत नव्हता, त्याला मी त्याच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली, आणि समोर बसून लावली.

जानकी दोन दिवसांनी एकटी आली. दाराशीच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "तुम्ही लिहिणारी माणसं. तुम्ही सांगा. माझा माणूस खोटं बोलतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग तसं साहेबाला लिहून द्या ना."

मी म्हणालो, बघतो. धर्माभाऊ जसं "बघू" म्हणायचे, तसं. फक्त त्यांच्या "बघू"मध्ये बघणं असायचं.

मी काही लिहून दिलं नाही. धर्माभाऊंनी दिलं. कुणी भाग पाडलं नव्हतं. डॉक्टर तर म्हणत होते, थांबा, एवढ्यात सही करू नका. त्यांनी माझ्याकडूनच कोरा कागद मागून घेतला आणि खाली मान घालून लिहिलं: माझ्याकडून दैनंदिनीत चुकीच्या नोंदी झाल्या, सावरपाड्याला त्या दिवशी मी गेलो होतो असं मला वाटतं, पण खात्रीनं सांगता येत नाही. त्या कागदावर त्यांना सेवेतून काढलं. त्यांची बाजू घेणारं कुणी उरलं नाही, कारण त्यांनीच स्वतःची बाजू सोडली होती.

त्या दिवाळीआधी वाघबारस आली. गुराखी घराघरांतून तांदूळ गोळा करतात, रानात वाघदेवाला नारळ फोडतात, तिथंच शिजवून जेवतात. सावरपाड्याचे गुराखी धर्माभाऊंना दरवर्षी बोलवायचे, पहिलं पान त्यांचं. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. तरी ते गेले. हे मला नंतर नाक्यावरच्या टपरीत रूपजीनं सांगितलं. मेलेल्या पाच बैलांतले दोन त्याचे. रूपजी म्हणाला, "आला आणि लांब बसला. मी म्हटलं, जेव. तर विचारतो, रूपजी, त्या दिवशी मी तुझ्या बैलाला टोचलं होतं का रे? आता मी काय सांगू? मी तर भट्टीवर होतो. मी म्हटलं, तूच लिहून दिलंयस ना गेला नव्हतास म्हणून. तर म्हणाला, हो, लिहून दिलंय. आणि उठून गेला. पान तसंच."

रूपजीचा राग अजून गेला नव्हता. बैल गेल्यावर त्यानं लावणी उसन्या हातांनी, कुदळीनं केली होती. तो म्हणाला, "खोटा माणूस नव्हता हो. पण मग माझे बैल कसे मेले?" ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील होतो, आणि मी चहा पीत होतो.

माझी बढती झाली. पालघरला बदली मिळाली. मी डहाणूहूनच ये-जा करायला लागलो, तलासरीचा रस्ता सुटला. सुटला याचं मला बरं वाटलं.

एकोणीस सालच्या चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत ते मला शेवटचे दिसले. मी बायकोला घेऊन गेलो होतो. दर्शनाच्या रांगेबाहेर, मडक्यांच्या दुकानांच्या पलीकडे, एका कातळावर ते बसले होते, जानकी बाजूला शेवेच्या पुडीतून खात होती. खांदा अजून तसाच वर. मला बघून ते उठले, हात जोडले, बायकोची विचारपूस केली. काय करता, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "शेती. जानकी सांगते ते करतो." जानकीनं मला ओळखलं आणि पुन्हा पुडीत हात घातला.

तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई वाट विचारत आली. किनाऱ्यावरच्या झाई गावाकडची असावी, बोलण्यात गुजराती जास्त. तिची बहीण सावरपाड्याला दिलेली. तलासरीला उतरल्यावर पाडा किती लांब, चालत होईल का, असं तिनं धर्माभाऊंनाच विचारलं, कारण तेच तिला तिथले वाटले असणार. त्या रस्त्याचा दगड न् दगड त्यांना ठाऊक होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे हात केला.

"मला नाय सांगता यायचं, बाय. ह्यांना विचार. ह्यांना बरोबर ठावं हाय."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "एकोणीस किलोमीटर. चालत नका जाऊ, जीप मिळते."

"एकोणीस," धर्माभाऊ तिला म्हणाले, ती नीट ऐकेल म्हणून. मग जानकीनं पुडी गुंडाळली, दोघं उठली, आणि ते तिच्या मागे, एक पाऊल मागे, गर्दीत गेले.

ते अजून तिथंच राहतात. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: मीटर चुकीचं होतं, मला माहीत होतं, तुम्ही सावरपाड्याला गेला होता. ते त्यांच्या अंगणात, जानकी आणि रूपजीच्या समोर म्हणायचं आहे, आणि तेच माझ्या सहीनं खात्याला लिहून द्यायचं आहे. दोन्ही अजून दिलेलं नाही.